रबरवेल: ओळख, विषबाधा आणि बंदोबस्त (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुंपणावर, ओढ्याकाठी किंवा चराऊ माळावर ही वेल आढळली आणि पुढे काय करायचे ते कळेना, अशांसाठी ही माहिती आहे. सगळे वाचायला वेळ नसेल तर एवढेच करा: वेलीवर शेंगा आहेत का ते पाहा. असतील तर त्या तडकायच्या आत हातमोजे घालून काढा आणि पिशवीत बंद करा. वेल पुढच्या महिन्यात मारली तरी चालते. शेंगांचे तसे नाही.

रबरवेल म्हणजे नेमकी कोणती वेल?

शास्त्रीय नाव क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा. कण्हेर, रुई, सदाफुली यांच्याच कुळातली. मूळची मादागास्करच्या नैर्ऋत्य भागातली. मराठीत तिला विलायती वाखंडी असेही म्हणतात. मोठ्या जांभळट फुलांसाठी आणि चिकापासून रबर काढता येते म्हणून माणसानेच तिला जगभर नेले. भारतात कोरड्या व निमकोरड्या भागांत ती बागांतून आणि कुंपणांतून निसटून रानोमाळ पसरली आहे.

तिची सर्वांत मोठी झळ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला बसली. तिथे एकोणिसाव्या शतकात ती शोभेसाठी आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर हिरवे आच्छादन म्हणून लावली गेली. पुढे नदीकाठची रानेच्या राने तिने झाकून टाकली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय महत्त्वाच्या २० तणांची पहिली यादी केली, तीत ही वेल आहे. बंदोबस्ताची बहुतेक पक्की माहितीही तिथूनच आलेली आहे, म्हणून खाली तिथले आकडे वारंवार येतील.

फूल नसताना ओळखायची कशी?

पाने समोरासमोर, जोडीने येतात. ६ ते १० सें.मी. लांब, ३ ते ५ सें.मी. रुंद, गडद हिरवी, जाडसर आणि चकचकीत. देठ आणि पानाची मधली शीर बहुधा लालसर-जांभळट असते; कोवळ्या पानात हे चटकन दिसते. खोडाची साल तपकिरी-करडी आणि तिच्यावर फिकट ठिपके.

खरी खूण आहे तिच्या फांद्यांत. या वेलीला दोन तऱ्हेचे फुटवे येतात. एक लांबलचक, सरळ, चाबकासारखा शेंडा. त्याला फाटे नसतात, पाने विरळ असतात आणि तो कित्येक मीटर लांब जाऊन मिळेल त्या आधाराला विळखा घालतो. दुसरा आखूड, फाटे फुटलेला, दाट पानांचा. फुले-शेंगा यावरच येतात. एकाच झुडपातून वर हवेत लोंबणारे आधारहीन शेंडे दिसले की संशय घ्यावा.

पान तोडले की देठातून दुधासारखा पांढरा चीक येतो. पण चीक म्हणजे रबरवेल असे नाही, आणि खात्री करण्यासाठी उघड्या हाताने पान तोडूही नका.

आधार मिळाला नाही तर ही वेल वेलीसारखी दिसतच नाही. माळावर ती एक ते दोन मीटर उंचीचे, पसरट, विस्कटलेले झुडूप होऊन बसते. आधार मिळाला तर ३० मीटरपर्यंत चढते. “वेल शोधा” असे सांगून माणसे पाठवली की झुडपे नजरेतून निसटतात, ती यामुळे.

फूल आणि शेंग कशी असते?

फूल ५ सें.मी.च्या आसपास, नरसाळ्याच्या आकाराचे, पाच पाकळ्यांचे. फिकट जांभळे ते जवळजवळ पांढरे, नळीच्या आत रंग गडद. शेंगा फुलापेक्षाही बोलक्या: एकाच आखूड देठावर दोन, एकमेकींकडे पाठ करून विरुद्ध दिशांना ताठ निघालेल्या. प्रत्येक १० ते १२ सें.मी. लांब, कडक, कंगोरेदार आणि टोकाला निमुळती. वाळली की ती एका बाजूने उकलते. आत चपट्या तपकिरी बिया दाटीवाटीने रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला पांढऱ्या रेशमी तंतूंचा झुबका असतो. रुईच्या म्हाताऱ्या उडताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचे सांगायला नको.

एका शेंगेत साधारण साडेचारशे बिया असतात, काहींत आठशेपर्यंतही.

कोणत्या वेलींशी गल्लत होते?

*जांभळा अलमांडा:* सर्वांत जास्त गल्लत याच्याशी. फूल जवळजवळ तसेच. पण अलमांड्याच्या एका पेरावर तीन-चार पानांचे वर्तुळ असते, रबरवेलीला दोनच. शिवाय अलमांड्याचे पान मऊ आणि लवदार लागते.

*कावळी (कावळवेल):* पाने समोरासमोर, चकचकीत, चीक पांढरा, शेंगाही जोडीने. पण पानाच्या मागची बाजू पांढुरकी, शिरा बारीक आणि एकमेकींना समांतर, फुले लहान पिवळट-हिरवी. ही आपली मूळची वेल आहे, हिला तोडू नका.

*उतरण:* पान हृदयाच्या आकाराचे, लवदार; शेंगेवर मऊ काटे. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

*अनंतमूळ:* खोड दोरीसारखे बारीक, पानावर बहुधा पांढरट पट्टे, फूल अगदी चिमुकले, मुळाला सुगंध. उपटायच्या आधी हे नक्की तपासा. साफसफाईच्या जोशात अनंतमूळ उपटले जाणे नेहमीचेच आहे.

शंका राहिली तर फूल किंवा शेंग येईपर्यंत थांबा. रोप फुलायला काही महिने लागतात, तेवढ्यात आभाळ कोसळत नाही. फक्त त्या जागेवर खूण करून ठेवा.

रबरवेलीच्या दोन जाती आहेत म्हणतात. फरक कसा ओळखायचा?

दुसरी जात क्रिप्टोस्टेजिया मादागास्करिएन्सिस. तिची फुले अधिक गडद, गुलाबी-जांभळी आणि थोडी लहान. नक्की ओळखायचे असेल तर फुलाच्या नळीत डोकावा: पाकळ्यांच्या आत पाच उभे तंतू असतात. ते टोकाशी दुभंगलेले असतील तर ग्रँडिफ्लोरा, साधे असतील तर मादागास्करिएन्सिस. ग्रँडिफ्लोराचे निदल (फुलाच्या बुडाशी असलेली हिरवी दले) मोठे आणि पानासारखे, दुसरीचे लहान. दोन्ही विषारी आणि दोन्ही पसरणाऱ्या. ब्राझीलच्या ईशान्य भागात दुसरीनेच कार्नाउबा ताडांची बने वेढली आहेत. हातातल्या कामाला हा फरक फारसा लागत नाही.

शोभेची वेल आहे, मग एवढी घातक का मानतात?

पाण्याकाठचे झाड तिला सर्वांत सोयीचे. ती झाडावर चढते, शेंड्यावर छत्रीसारखी पसरते, झाडाचा उजेड तोडते आणि वजनाने फांद्या मोडते. खाली गवत उरत नाही. गवत गेले की जमीन धुपते आणि गुरांना पाण्यापर्यंत जायला वाट राहत नाही. झाडे मरून पडली तरी वेल त्यांच्या सांगाड्यावर उभीच.

ती दुष्काळही काढते. खाणींच्या विहिरींमध्ये तिची मुळे १३ मीटर खोलवर सापडलेली आहेत. वरचे सगळे वाळले म्हणून ती मेली असे समजू नये.

रबराचे म्हणाल, तर तो डाव मोठ्या माणसांनीही हरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले, तेव्हा अमेरिकेच्या पाठबळाने हैतीमध्ये याच वेलीची प्रचंड लागवड झाली. शेतकऱ्यांची जमीन त्यात गेली, चीक काढायची मजुरी परवडेना आणि १९४४ मध्ये योजना गुंडाळावी लागली. तेव्हा “चीक विकून खर्च निघेल” या विचारात वेळ घालवू नका.

विषारी कितपत? आणि कोणता भाग?

सगळे भाग विषारी. यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. कण्हेरीच्या विषाचा प्रकार हाच: हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि पुरेशी मात्रा गेली तर ते बंद पडते. घोडे, गुरे, शेळ्या, मेंढ्या सगळ्यांना धोका आहे. पान वाळल्याने विष जात नाही, म्हणून तोडलेला पाला वाळवून चाऱ्यात मिसळू देऊ नका.

माणसाला कामाच्या वेळी दोन गोष्टींचा त्रास होतो. चिकाने त्वचेची आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर अधिकच. आणि वाळलेल्या वेलीची धूळ. ती नाकातोंडात गेली की जोरदार खोकला येतो, नाक सुजते, पापण्यांवर फोड येतात. ओल्या वेलीला सगळे घाबरतात आणि वाळलेला ढीग मात्र उघड्या तोंडाने ओढतात. गडबड तिथे होते.

काम करताना अंगावर काय असावे?

रबरी किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे (सुती मोजे चीक शोषून तो हाताला लावून ठेवतात), पूर्ण बाह्या, बंद बूट, बाजूनेही झाकणारा चष्मा. वाळलेल्या वेलीवर काम असेल तर धूळ अडवणारी मुखपट्टी. डोक्यावरच्या फांद्या कापताना चीक खाली ठिबकतो, तेव्हा टोपीही हवी. कोयता, करवत यांच्यावरचा चीक साकळून रबरासारखा चिकटतो. तेलाच्या बोळ्याने पुसा, पाण्याने तो निघत नाही. काम संपेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

चीक डोळ्यात गेला किंवा कोणी पान-बी खाल्ले तर?

डोळा: लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा, पापणी उघडी धरून. नंतर डॉक्टरांना दाखवा, आग थांबली असली तरी.

त्वचा: चीक साकळायच्या आत साबण-पाण्याने धुवा. कपड्यांवर उडाला असेल तर कपडे बदला.

पोटात गेले: स्वतःहून उलटी करवू नका, घरगुती उतारा देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या आणि “कण्हेरीसारखे हृदयावरचे विष” एवढे स्पष्ट सांगा. सुरुवातीला नुसती मळमळ, उलटी, पोटदुखी दिसते आणि माणूस बरा वाटतो. ठोके बिघडतात ते नंतर.

जनावराने खाल्ली तर काय करायचे?

पहिली गोष्ट, त्याला पळवू नका. हृदयावर आधीच ताण असतो. हाकलत घरी आणताना किंवा घोड्याला चालवताना ते कोसळू शकते. जागच्या जागी सावलीत शांत ठेवा, बाकीची जनावरे सावकाश दुसरीकडे न्या आणि पशुवैद्यकांना तिथेच बोलवा. अशक्तपणा, जुलाब, पोटदुखी, धाप आणि अनियमित नाडी ही लक्षणे. कधी कधी लक्षण दिसायच्या आत जनावर मेलेले सापडते.

चारा भरपूर असताना जनावरे हिला सहसा तोंड लावत नाहीत. घटना घडतात त्या चाराटंचाईत, भुकेले कळप नव्या जागी सोडल्यावर, आणि वेल तोडून पाला वाटेत टाकला तेव्हा.

मग शेळ्या सोडून वेल संपवता येईल का?

नाही. वरचे वाचले असेल तर कारण सांगायला नको.

बंदोबस्ताला योग्य वेळ कोणती?

वर्षाच्या चक्राकडे पाहा. ओल मिळाली की वेल फुटते, फुलते, शेंगा धरते. कोरड्या दिवसांत शेंगा वाळून तडकतात. म्हणून शेंगा कोवळ्या असताना किंवा त्याआधीच हात घालावा. परिस्थिती चांगली असेल तर रोप २०० दिवसांच्या आसपास फुलायला लागते, म्हणजे या पावसाळ्यात दुर्लक्षित राहिलेले रोप पुढच्या पावसाळ्याच्या आत बी देऊ शकते.

तणनाशक औषधाची फवारणी जोमाने वाढणाऱ्या हिरव्या पाल्यावरच चालते. बुंध्याचे आणि खुंटाचे उपचार वर्षभर चालतात, पण साल ओली नको.

एक गोष्ट या वेलीविरुद्ध जाते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते: तिचे बी टिकाऊ नाही. ताज्या बियांतल्या बहुतेक उगवतात, पण मातीत पडलेल्या बिया साधारण वर्षभरात संपतात. काही तणांचे बी दहा-वीस वर्षे दडून राहते, हिचे नाही. एखाद्या जागी सलग दोन हंगाम एकही शेंग तडकू दिली नाही, तर पुढचे काम मोजक्या खुंटांपुरते उरते. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा.

जागा मोठी आहे, वेल सगळीकडे आहे. सुरुवात कुठून करावी?

जिथे ती सर्वांत दाट आहे तिथून नव्हे. मन तिकडेच ओढते आणि पहिला हंगाम, मनुष्यबळ, पैसा तिथेच जिरतो. तेवढ्यात कडेची सुटी झुडपे मोठी होऊन नवी जाळी तयार होतात.

आधी विखुरलेल्या सुट्या वेली मारा. मग ओढ्याच्या वरच्या अंगाने खाली या, कारण बी आणि शेंगा दोन्ही पाण्यावर तरंगत जातात. खालचा भाग साफ करून वरचा सोडला तर पहिल्याच पुरात मेहनत वाया. दाट जाळीला कडेकडेने आत ढकलत जायचे. तिथे या वर्षी वेल मारणे शक्य नसेल तर वाऱ्याच्या बाजूच्या निदान हाताला येणाऱ्या शेंगा काढा.

उपटून काढता येते का?

गुडघ्याएवढे रोप पावसानंतरच्या ओल्या जमिनीत मुळासकट निघते. खोडाला धरून सरळ वर ओढा. तिरके ओढले तर मानेशी तुटते आणि राहिलेल्या खुंटातून दोन-तीन फुटवे येतात. मोठी झुडपे खणून काढायची तर कुदळीने बाजूची माती मोकळी करून मूळ जमिनीखाली किमान २० सें.मी.वर तोडा आणि वरचा गड्डा बाहेर काढा. खोलवरचे सगळे मूळ काढण्याची गरज नाही. पाच-पंचवीस वेली असतील आणि पाणवठा जवळ असेल तर हाच मार्ग सर्वांत चांगला. औषधाचा प्रश्नच येत नाही.

नुसती बुडाशी तोडली तर मरेल ना?

मरत नाही. खुंट फुटतो, आणि एका खोडाच्या जागी चार होतात. वारंवार, जमिनीलगत आणि प्रत्येक नवा फुटवा फुलायच्या आत तोडत राहिले तर ती दमते, हे खरे. पण ते सपाट जागेवर, लहान क्षेत्रात आणि न कंटाळणाऱ्या माणसाच्या हातून. एकदा तोडून सोडून देणे हे न तोडण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वर्षी दाट फुटव्यांत बुंधा सापडतच नाही.

तोडून खुंटाला औषध कसे लावायचे?

आधी अट: तुमच्या भागात या वापरासाठी मान्यता असलेलेच औषध, डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच. ऑस्ट्रेलियात रबरवेलीसाठी रूढ असलेले मिश्रण असे: लिटरमागे २४० ग्रॅम ट्रायक्लोपिर आणि १२० ग्रॅम पिक्लोरॅम असलेले औषध १ भाग आणि डिझेल ६० भाग. म्हणजे १ लिटर डिझेलला सुमारे १७ मि.ली., ५ लिटरला सुमारे ८३ मि.ली. या मिश्रणात पाणी अजिबात नको.

१. बुंध्याभोवतीचा पाला, माती, दगड बाजूला करा. खोड स्वच्छ दिसले पाहिजे.
२. जमिनीपासून १५ सें.मी.च्या आत, शक्य तितके खाली, आडवा सपाट काप घ्या. तिरका काप घेतला तर औषध ओघळून जाते.
३. भुसा आणि चीक फडक्याने पुसा.
४. लगेच, १५ सेकंदांच्या आत, ब्रशने काप आणि त्याखालची साल सगळ्या बाजूंनी भिजवा. एकाने कापायचे आणि दुसऱ्याने लावायचे. “दहा खोडे कापून मग लावू” यात काम फसते, कारण चीक साकळून कापावर थर बसतो.
५. एका बुंध्यातून निघालेले प्रत्येक खोड असेच करा. एक सुटले तर त्याच्या जोरावर मूळ जगते.
६. औषधात थोडा रंग मिसळा. कोणता खुंट झाला आणि कोणता राहिला ते संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

न तोडता बुंध्याच्या सालीवर औषध लावले तर?

५ सें.मी.पर्यंत जाडीच्या खोडांना हे सर्वांत सोपे पडते. तेच डिझेलचे मिश्रण जमिनीपासून किमान ३० सें.मी. उंचीपर्यंत, खोडाच्या सगळ्या बाजूंनी, साल ओली होऊन निथळेपर्यंत लावायचे. एका बाजूने मारले तर तेवढीच बाजू मरते. पावसाने किंवा पुराने साल ओली असेल तर थांबा. पुराच्या गाळाचा थर खोडावर वाळला असेल तर तो आधी खरवडा, नाहीतर औषध मातीतच जिरते. त्याहून जाड, जून सालीच्या खोडांना तोडून खुंटाचा उपचारच करावा.

दोन इशारे. पिक्लोरॅम मातीत टिकते आणि पाण्याबरोबर सरकते. ज्या झाडावर वेल चढली आहे त्याच्या मुळांवर ते सांडले तर वाचवायचे झाडच जाईल, आणि डाळवर्गीय पिके तर फार नाजूक. दुसरे, ट्रायक्लोपिरचे तेलकट रूप आणि डिझेल दोन्ही जलचरांना घातक आहेत. ओढ्याच्या पात्रात, विहिरीलगत, पाणथळीत हे मिश्रण वापरू नका, तिथे कुदळ.

पानांवर फवारणी करता येते का?

माणसाच्या उंचीच्या आतली, एकसंध झुडपे असतील तर येते. झाडावर चढलेल्या वेलीवर फवारले तर आधाराचे झाडही भाजते. ऑस्ट्रेलियात मेटसल्फ्युरॉन मिथाइल ६० टक्के भुकटी १०० लिटर पाण्याला १५ ग्रॅम, सोबत पसरवणारे द्रव, असे प्रमाण आहे. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला हे सव्वादोन ग्रॅम होते, आणि एवढे मोजायला चमचा चालत नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. भुकटी २० टक्क्यांची असेल तर तीच मात्रा साधण्यासाठी तिप्पट लागते. प्रमाण चुकते ते याच ठिकाणी, म्हणून टक्केवारी वाचल्याशिवाय पुडी फोडू नका.

प्रत्येक पान ओले झाले पाहिजे. मेणचट पृष्ठभागामुळे पसरवणाऱ्या द्रवाशिवाय थेंब घरंगळतात. पाण्याच्या ताणाने मलूल झालेल्या किंवा पाने गाळलेल्या वेलीवर फवारणी म्हणजे औषधाची नासाडी. पक्व शेंगा लगडल्या असतील तरी नको: वेल मरता मरता शेंगा वाळतात आणि तडकतात.

जाळली तर?

आग या वेलीवर चांगली लागू पडते, पण प्रत्येक ठिकाणी नाही. खाली पुरेसे वाळलेले गवत असेल तर आग खोडाच्या बुडाशी पोहोचते, रोपे मरतात, मोठ्या वेलीही बऱ्याच मरतात. उरलेल्यांसाठी गवत पुन्हा वाढल्यावर दुसरी आग लागते. दाट जाळीखाली मात्र गवतच नसते, त्यामुळे आग कडेला येऊन विझते. नदीकाठची सदाहरित झाडे आगीला टिकत नाहीत. त्यांना वाचवायला निघून त्यांनाच जाळण्यात अर्थ नाही.

आग लावायला परवानगी लागते, वनक्षेत्रात तर परस्पर काडी ओढणे हा गुन्हाच आहे. हे काम प्रशिक्षित माणसांचे. धुराच्या वाटेत कोणीही थांबू नये.

झाडावर चढलेली वेल ओढून खाली काढायची का?

नको. ओढल्याने फांद्या मोडतात, चीक आणि धूळ अंगावर येते, आणि वर शेंगा असतील तर त्या झटक्याने उकलतात. बुंध्याशी तोडा, खुंटाला औषध लावा, आणि वरची वेल तिथेच वाळू द्या. कमरेच्या उंचीवर दुसरा काप घेऊन मधला तुकडा काढून टाकला की दोन टोके एकमेकांना भिडत नाहीत आणि कोणती वेल कापली तेही लांबून दिसते.

अपवाद एकच: वर पूर्ण वाढलेल्या शेंगा आणि त्या हाताला किंवा लांब दांड्याच्या आकडीला येण्याजोग्या. त्या आधी काढा. हिरव्या पण भरलेल्या शेंगा तोडलेल्या फांदीवरही पिकून उकलू शकतात.

तोडलेल्या वेलीचे आणि शेंगांचे काय करायचे?

शेंगा: जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, तोंड घट्ट बांधून. पिशवी काही आठवडे कडक उन्हात ठेवा, बिया शिजून निकामी होतात. मग खोल पुरा. वेलीचा पाला: गुरे पोहोचणार नाहीत अशा जागी, पाण्यापासून लांब ढीग करा. औषध मारलेला पाला खतात टाकू नका. पिक्लोरॅमचे अवशेष खतातून भाजीपाल्यापर्यंत जातात आणि टोमॅटो, वाल यांची पाने आकसून वेडीवाकडी होतात.

गाडीचे टायर, ताडपत्री, कपड्यांच्या घड्या झटकून मगच दुसऱ्या शेतात जा. तंतू असलेले बी लोकरीसारख्या कापडाला सहज चिकटते.

वेल काढून झाली. आता?

पाऊस पडून सहा-आठ आठवडे झाले की जागा पायी फिरून पाहा. तेव्हा रोपे दिसण्याइतकी मोठी आणि सहज उपटण्याइतकी लहान असतात. त्या हंगामाच्या शेवटी दुसरी फेरी. खुंट फुटला असेल तर फुटवा थोडा वाढू द्या आणि पुन्हा उपचार करा. निदान दोन वर्षे हे चालू ठेवा, आणि वरच्या अंगाला वेल शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत.

जमीन उघडी ठेवू नका. दाट गवतात आणि सावलीत रबरवेलीची रोपे फारशी तगत नाहीत, म्हणून साफ केलेल्या पट्ट्यावर चराई काही काळ बंद ठेवून गवत भरू देणे हा फुकटातला उपाय आहे.

हिला खाणारी एखादी कीड किंवा बुरशी आणता येत नाही का?

क्वीन्सलँडने दोन्ही आणल्या, मादागास्करहूनच. एक पतंग, युक्लास्टा व्हॅलेयी, ज्याच्या अळ्या पाने खातात. आणि एक तांबेरा, मॅराव्हेलिया क्रिप्टोस्टेजिई, जो १९९० च्या दशकात सोडला गेला. तांबेऱ्याने पानाखाली पिवळी पूड दिसते, पाने अकाली गळतात, फुले-शेंगा घटतात. दमट वर्षांत तो जोरात, कोरड्या वर्षांत मंद. त्याने वेल नामशेष झाली नाही, पण तिचा वेग मोडला आणि रोपे मोठ्या प्रमाणात मेली.

हे खासगी माणसाने करण्याचे काम नाही. कावळीसारखी जवळच्या नात्यातली मूळची झाडे आपल्याकडे आहेत, आणि तांबेरा त्यांना लागत नाही हे चाचण्यांनी सिद्ध केल्याशिवाय तो आणणे धोक्याचे आहे. निर्णय सरकारी विलगीकरण यंत्रणेचा.

आमच्या कुंपणावर ती वर्षानुवर्षे आहे, शेंगा कधी धरल्या नाहीत. ठेवू का?

शेंगा न धरण्याचे कारण बहुधा परागीभवन न होणे किंवा छाटणी हे असते. दोन्ही कधीही बदलू शकते: एखाद्या वर्षी छाटणी राहिली, योग्य कीटक आले, की पुरे. आणि विष तर शेंगांवर अवलंबून नाही. घरात लहान मूल किंवा दारात जनावर असेल तर हा प्रश्न उरतच नाही. कुंपणाला वेलच हवी असेल तर जाई किंवा कुसर लावा. खणून काढताना आधी कुंपणाच्या तारेतले विळखे कापून मोकळे करा, नाहीतर खोड ओढताना तार आणि खांब दोन्ही बरोबर येतात.